वर आधी कोण गेलं

६ ऑक्टोबर

काका,

वाकून नमस्कार. खरोखर वाकले आणि पाठीत कळ आली, त्याचं कारण पुढे सांगते.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि काकूनं फोन घेतला की ती मला बोलूच देत नाही. म्हणून पत्र. नोकरी बरी आहे. चष्म्याच्या काचा घासायच्या, त्यांच्या कडा फ्रेममध्ये बसवायच्या. खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली इस्त्रीचं दुकान आहे, त्यामुळे जमीन कायम कोमट असते. हिवाळ्यात चंगळ होणार.

आता खरी बातमी. मला दोन मैत्रं मिळाली आहेत. एक सिस्टर, दवाखान्यात नर्स आहे, माझ्या शेजारच्या खोलीत राहते. दुसरा लंबू, बेकरीत भट्टी सांभाळतो. नावाप्रमाणेच आहे, दारातून वाकून येतो. हे दोघं रविवारी दगड चढायला जातात. डोंगर नाही हं, दगड! दोन-अडीच पुरुष उंच, सुटे पडलेले. दोरी नाही, काही नाही. खाली जाड गादी टाकायची, हाताला खडूची पूड लावायची आणि चढायचं. एकजण खाली हात पसरून उभा राहतो, पडणाऱ्याला गादीवर ढकलायला. पाठीला गाद्या बांधून निघालो की रस्त्यातल्या लोकांना वाटतं आम्ही बिऱ्हाड हलवतोय.

सप्टेंबरभर आम्ही जागा धुंडाळत हिंडलो. नदीकाठचे दगड गोटीसारखे गुळगुळीत, हात टिकत नाही. जुन्या खाणीमागचे इतके धारदार की सिस्टरनं माझी तीन बोटं बांधून दिली. आणि मग मागच्या रविवारी, तुमच्या त्या जुन्या जलाशयाच्या वरच्या उतारावर, झाडांची पानं गळल्यामुळे एक दगड दिसला. काका, काय दगड आहे! अंगभर शेवाळ, एकही खडूची खूण नाही. लंबूला इथल्या सगळ्या दगडांची माहिती आहे, त्यालाही हा ठाऊक नव्हता. म्हणजे ह्यावर अजून कोणीच चढलेलं नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. जो पहिल्यांदा वर जाईल तो दगडाचं नाव ठेवतो, आणि पुढे सगळे त्याच नावानं तो दगड ओळखतात. दोघांनी मला सांगून टाकलंय, शोधला तू, आधी तू.

तुम्हाला हसू येईल. पण ताईचे फ्रॉक, ताईची सायकल, ताईची पुस्तकं, शाळेत गेले तर ‘अगं, ही तिची बहीण’. एवढी वर्षं मी दुसरीच आहे. एकदा, एका दगडावर का होईना, मला पहिलं जायचंय. हे मी ताईला नाही सांगितलेलं, तुम्हाला सांगतेय.

तुम्ही तर दोन वर्षं होतात इथे, पाणीखात्यात. कधी गेला होतात त्या उतारावर?

तुमची
बारकी


१५ ऑक्टोबर

चि. बारकी,

भरपूर आशीर्वाद, आणि पाठीला शेक दे.

पत्र वाचून जिवाला बरं वाटलं. परक्या गावात माणसं मिळाली की अर्धं काम झालं. मीही घरात धाकटा. दादाची शाई संपत आलेली पेनं वापरून मी शाळा काढली. तेव्हा तू काय म्हणतेस ते मला कोणी समजवायला नको.

मी तिथे होतो खरा, पण पंपाच्या खोलीत. तिथेच तर कान गेले. दगडांकडे बघायला सवड कुठे होती? तो उतार लांबून पाहिल्यासारखा आठवतो. तू पहिली जा. बिनधास्त जा. दगडाच्या त्या डाव्या खांद्यापर्यंत सोपं असेल, पुढचं बेतानं कर. शेवाळ ओलं असताना मात्र हात लावू नकोस.

तुझा
काका

ता. क. आता मी. ह्यांनी हे एवढंसं पत्र लिहायला तीन कागद फाडले आणि चहा गार केला. मी विचारलं तर म्हणाले, ‘शब्द सापडत नाहीत.’ ह्यांना! ज्यांचे शब्द संपायची मी चाळीस वर्षं वाट बघतेय! असो. चढताना पायांकडे बघ, हातांकडे सगळेच बघतात. स्वेटर पाठवू का?
काकू


३ नोव्हेंबर

काका, काकू,

दोघांना एकत्र नमस्कार, वाटून घ्या.

स्वेटर नको, इथे ऊब आहे म्हटलं ना. पण काकू, तुझं ते पायांचं बोलणं मी लंबूला ऐकवलं तर तो म्हणाला, ‘तुझी काकू काय चढते की काय?’ मी म्हटलं, फक्त डोक्यावर!

दगड घासून झाला. तीन रविवार गेले त्यात. शेवाळ काढायला दात घासायचे ब्रश, धूळ उडवायला लंबूच्या बेकरीतला मऊ कुंचला. मधे एकदा पाऊस झाला तेव्हा आम्ही नुसते जाऊन बसून आलो. ओला दगड आतून ठिसूळ होतो, वजन टाकलं की धरायच्या कडाच तुटून येतात. सिस्टर त्या दिवशी रात्रपाळी करून आली होती. ती गादीवर जी झोपली ती परत निघेपर्यंत उठली नाही.

आता थंडी पडलीय आणि गंमत बघा, थंडीत चढणं सोपं होतं. घाम येत नाही, बोटं चिकटल्यासारखी बसतात. डाव्या खांद्यापर्यंत मी पोचले. काका, तुम्ही म्हणालात तसंच, तिथवर सोपं आहे. तुमचा अंदाज जबरदस्त! तिथून पुढे दगड बाहेर झुकलाय. डावीकडे सगळं सपाट, धरायला काही म्हणजे काही नाही. उजवीकडे मात्र माथ्याखाली एक जाड पापुद्रा सुटलेला आहे, त्याची कड दाराच्या कडीसारखी, ये आणि धर म्हणतेय. परवा मी तिथवर हात नेला आणि पडले. सिस्टर खालीच उभी होती, दोघी गादीवर लोळलो आणि हसत बसलो.

येत्या रविवारी नाही, लंबूला सुट्टी नाही. पण त्याच्या पुढच्या रविवारी मी तो पापुद्रा धरून वर जाणार. एक उडी आणि सगळं वजन त्याच्यावर टाकायचं, झालं काम. नाव अजून ठरत नाहीये. नाव सुचल्याशिवाय झोप लागत नाही, अशी गत आहे.

तुमची
(लवकरच पहिली)
बारकी


१० नोव्हेंबर

चि. बारकी,

काकूनं काल तुला फोन करून एवढंच सांगितलं, ‘दगडावर जाऊ नकोस, पत्र येतंय.’ तू तिला बरंच विचारलंस, आणि तिनं फोन ठेवून दिला. तिच्यावर रागावू नकोस. मीच म्हटलं होतं, बाकीचं मी लिहितो.

तो उजवा पापुद्रा धरायचा नाही. तो आतून पोकळ आहे. बोटाच्या पेरानं वाजवून बघ, मडक्यासारखा वाजेल. तेव्हाही तसाच वाजत होता. तू उडी मारून वजन टाकलंस तर तो तुझ्यासकट खाली येईल, आणि खाली ती सिस्टर उभी असणार.

वाट डावीकडून आहे. तुला सपाट दिसतं ना, त्याच्या वर हातभर अंतरावर एक खळगा आहे. खालून दिसत नाही. डावा हात वर घालून आंधळ्यासारखं चाचपायचं. मनगटापर्यंत हात आत जातो. एकदा तो सापडला की पाय उचलायचे आणि माथ्यावर जायचं.

मला हे कसं माहीत, ते आता तुला कळलंच असेल. आम्ही गेलो होतो वर. तेव्हा असं चढण्याला काही नाव असतं हेही ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी हिंडत गेलो आणि चढलो.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी हे लिहायला बसलो होतो. पण तुझं ते ‘मला पहिलं जायचंय’ वाचलं आणि हात पुढे सरकेना. म्हटलं, कोणाला काय कळणार आहे? पोरीला होऊ दे पहिली. आणि चाललंही असतं गं ते. पण तू नेमका तो पापुद्रा निवडलास.

तुझा आनंद हिरावला, ह्याचं फार वाईट वाटतंय. पण तू धडधाकट हवीस.

काका

ता. क. मी काही लिहीत नाही. तू नीट राहा.
काकू


७ डिसेंबर

काका,

नमस्कार.

जवळजवळ महिनाभर मी पत्र लिहिलं नाही. काकूचे दोन फोन आले, मी ‘कामात आहे’ म्हटलं. कामात नव्हते. रागावले होते.

तुमच्यावर कमी, नशिबावर जास्त. म्हणजे बघा ना, रानात पडलेला दगड, त्याच्यावर शेवाळाचे थर, आणि तिथेही माझ्याच घरातलं माणूस आधी जाऊन बसलेलं! मी खोलीत एकटीच मोठ्यानं हसले आणि मग रडले. सिस्टरनं भिंत ठोकून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, वारसाहक्कानं आलेलं दुखणं आहे.

दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी लंबू दारात उभा, हातात बेकरीतली ती लांब दांड्याची फळी, भट्टीतून पाव काढायची. म्हणाला, ‘तुझ्या काकांचं खरं की खोटं ते तरी बघू.’ तो डाव्या खांद्यावर चढून उभा राहिला, आणि तिथून फळीनं त्यानं पापुद्रा ढोसला. जोर असा लावलाच नाही. भट्टीत पाव सरकवतात, तेवढाच.

काका, सबंध तुकडा सुटला. चहाच्या टेबलाएवढा. खाली आम्ही गादी मुद्दाम तशीच ठेवली होती. ती मधोमध फाटली आणि आतला फोम बाहेर आला. सिस्टर नेहमी उभी राहते त्या जागी.  मग सिस्टरच म्हणाली, ‘माझ्यातर्फे काकांना पत्र लिही.’ तर हे तिच्यातर्फेसुद्धा आहे.

गादी शिवली. काल गेलो. थंडी अशी की बोटं फुंकून फुंकून गरम करावी लागत होती. मी डाव्या बाजूला गेले, हात वर घातला, चाचपलं. नाही सापडला. पडले. पुन्हा गेले. पुन्हा पडले. चौथ्यांदा हात एकदम आत गेला, मनगटापर्यंत, तुम्ही म्हणालात तसाच. पुढचं काही आठवत नाही, एकदम वरच होते.

तर आता मी दुसरी. नेहमीसारखी. पण ह्या खेपेला तेवढं लागलं नाही मनाला, खरं सांगते. त्या खळग्यात हात गेला तेव्हा वाटलं, इथे आपल्या माणसाचा हात येऊन गेलाय. आणि तुम्ही लिहिलं नसतंत तर सिस्टरचं काय झालं असतं, हे गादी शिवताना टाक्याटाक्याला आठवत होतं. मी उगाच फुगून बसले. माफ करा.

लंबूनं पद्धतीप्रमाणे सगळ्यांना कळवायचं ठरवलंय. पहिली चढाई काकांची, साध्या बुटांत, गादीशिवाय! त्याला तर तुमची भक्तीच लागलीय. तेव्हा नाव तुम्हीच ठेवा. काय ठेवताय?

तुमची
दुसरी बारकी


१५ डिसेंबर

चि. बारकी,

तुला आणि त्या सिस्टरला खूप खूप आशीर्वाद. लंबूला सांग, ती फळी आता भट्टीत घालण्याआधी धुऊन घे.

माझं नाव कुठे देऊ नकोस. मी पहिला नव्हतो. पहिला सोड, मी स्वतःच्या हातापायांनी त्या माथ्यावर गेलोच नाही कधी. हे खरं आहे. ह्यापुढे मला विचारू नकोस, मला बोलायची बंदी आहे.

काका


२३ डिसेंबर

काका,

नमस्कार, आणि आता पुरे!

तुम्ही मला पुन्हा पहिली करायला निघालात, ते मला कळत नाही असं वाटतं का? एकदा खोटं बोललात, ते गोड मानून घेतलं. आता दुसरी थाप नको. तो खळगा खालून दिसत नाही, खांद्यावरूनही दिसत नाही. मी वर पोचून पालथी पडून खाली वाकले तेव्हा कुठे दिसला. म्हणजे ज्यानं सांगितलं तो माथ्यावर जाऊन आलेला आहे. काचा घासत असले तरी डोळे शाबूत आहेत माझे.

आणि मला ते पहिलं-दुसरं आता नकोय. तुमचं आहे ते तुमच्या नावावर राहू दे. एवढी वर्षं तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत, ह्याचंच मला वाईट वाटतंय.

काकू, तू तरी ह्यांना समजाव. आणि ही बंदी कोणी घातलीय?

बारकी


१ जानेवारी

बारके,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी कान उघड.

बंदी मी घातली. आणि तुझे काका ह्या वेळी खोटं बोलत नाहीत. वर आधी मी गेले.

आता खुर्चीत नीट बस आणि वाच.

आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मी तिथल्या पाणीखात्याच्या कचेरीत टेलिफोनवर होते, हे तुला ठाऊक आहे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं त्या उतारावर फिरायला जायचो. एकदा ह्यांनी मोठ्या ऐटीत बाह्या सरसावल्या, ‘बघ हं, चढून दाखवतो.’ डाव्या खांद्यापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. धड वर ना धड खाली. पालीसारखे दगडाला असे चिकटले होते की मला आधी हसूच आलं. मी चपला काढल्या आणि ह्यांच्या बाजूनं वर गेले. पापुद्रा मी वाजवून पाहिला, आमच्या आईनं मडकी वाजवून घ्यायला शिकवलं होतं. पोकळ लागला म्हणून डावीकडे चाचपत गेले. हात आत गेला आणि मी वर. मग पालथी पडले, खळगा कुठे आहे ते ह्यांना ओरडून सांगितलं, आणि शेवटी दंडाला धरून ओढून घेतलं. ह्याला काही चढणं म्हणत नाहीत.

परत आलो. पंपावरच्या मंडळींनी विचारलं, कुठे होतात? हे म्हणाले, त्या दगडावर चढून आलो. झालं! ह्यांची पाठ थोपटून थोपटून लाल केली सगळ्यांनी. हे सांगत होते बिचारे, ‘अहो मी नाही, हिनं.’ तर सगळे हसले. म्हणाले, आत्तापासून बायकोला घाबरतो. पुन्हा सांगायला गेले, पुन्हा हसले. तेव्हा मीच म्हटलं, जाऊ दे. पुन्हा कोणापाशी विषय काढायचा नाही, म्हणून बजावलंही. हसं करून घ्यायची हौस नव्हती मला.

जाऊ दे म्हटलं, पण गेलं नाही गं. भांडी घासताना, मुलांचे डबे भरताना, ह्यांच्या कानाच्या डॉक्टरकडे बाकावर बसलेली असताना मधूनच आठवायचं. आणि चाळीस वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही, वर आधी कोण गेलं म्हणून. तूही नाही विचारलंस. काकू चढते ती फक्त डोक्यावर, असं म्हणालीस. रागावले नाहीये मी. पण त्या दिवशी मी ते पत्र दोनदा वाचलं.

म्हणूनच तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मीच ह्यांना म्हटलं, गप्प बसा, पोरीला जाऊ दे पहिली. मला ती हौस किती असते ते माहीत होतं. फोनवरही म्हणून जास्त बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

आता लंबूला काय कळवायचं ते कळव. नाव मात्र तू ठेव. दगडांना नाव ठेवतात हे आम्हाला माहीतच नव्हतं, माणसांना नावं ठेवतात तेवढं माहीत होतं.

पण एक विचारायचं राहिलंय. वर गेल्यावर मी ह्यांना लगेच ओढलं नव्हतं. आधी तशीच पडून राहिले. दिवसभर कानाला टेलिफोन, सतत कोणाचा ना कोणाचा आवाज. आणि तिथे वर, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. पंपाची धडधड नाही, माणसं नाहीत. हे खालून हाका मारत होते, त्याही जणू लांब गेल्या होत्या. मी ओ दिली नाही. मला उठावंसंच वाटेना. त्यानंतर तसं मला कधी वाटलं नाही, आणि ते खरंच होतं की माझ्या मनानं घेतलं, हे विचारायला कोणी नव्हतं. हे वर आले ते धापा टाकत, ह्यांनी काही पाहिलंच नाही.

आता तू जाऊन आली आहेस. सांग ना गं, वर पडून राहिलं की अजून तसंच वाटतं का?

खूप आशीर्वाद.

तुझी
काकू